सोडे चावणारी दाढ

आमच्या आईच्या तोंडात, खाली डाव्या बाजूला, एक दाढ होती. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या आमच्या आळीत त्या दाढेला जेवढा मान होता तेवढा आमच्या वडिलांनाही नव्हता. हे मी वडिलांसमोरच म्हणते आणि ते मान डोलावतात.

मानाचं कारण सोडे. पावसाळ्याआधी, आगोटीला, आळीतल्या बायका मिळून कोळंबी आणतात, सोलतात, अंगणात जाळ्यावर पसरतात आणि कडक उन्हात सुकवतात. ढीग सगळ्यांचा एकच, वाटण्या नंतर. खरा प्रश्न असतो डबे कधी भरायचे हा. घाई केली तर आत ओल राहते आणि श्रावण संपल्यावर डबा उघडला की बुरशी नाकात शिरते. फार वेळ ठेवले तर सोडे इतके कडक होतात की कालवणात तासभर शिजवा, ते आपले तसेच रुसून बसलेले. या दोहोंच्या मधली वेळ आईची दाढ सांगायची. ती ढिगाच्या पोटात हात घालून एक सोडा काढायची, दाढेखाली धरायची, डोळे मिटायची आणि चावायची. मग सगळ्यांना थोडं ताटकळत ठेवायची, कारण तेवढा हक्क तिचा होता. मग म्हणायची, "भरा."

तिची जाऊ, म्हणजे माझी धाकटी काकी, हिचं शास्त्र वेगळं. ती ओंजळभर सोडे कानाशी नेऊन खुळखुळवायची आणि आवाजावरून सांगायची. वाळलेला सोडा खणखणतो, ओला नुसता घसटतो, असं तिचं म्हणणं. तिचं ऐकून घ्यायचे सगळे, पण डबे भरायचे आईच्या शब्दावर. आई म्हणायची, "तिला रेडिओ घेऊन द्या कोनीतरी, कानाला काम हवंय तिच्या." काकी म्हणायची, "दात काय जल्मभर पुरतात?" दोघींचं असं अनेक वर्षं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

माझा या भांडणाशी तसा संबंध नव्हता. मी नव्या मुंबईत एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे आम्ही सिरॅमिकचे दात आणि खुब्याचे सांधे जास्त टिकाऊ कसे करायचे यावर डोकं लढवतो. सिरॅमिक म्हणजे काय, असं आईने मला नोकरी लागली तेव्हा विचारलं होतं. मी घाईत म्हटलं, चिनीमातीसारखं असतं. तेवढ्यावर तिने आळीत सांगून टाकलं की पोर कपबश्यांच्या कारखान्यात लागली. पुढची काही वर्षं लग्नाकार्यात बायका मला बाजूला घेऊन विचारायच्या, सहाचा सेट तुला कितीला पडतो गो? मी खुलासा करायची. पण कपबश्यांपुढे खुलाशाला कोण विचारतो?

आणि मग एका चिंबोरीच्या नांगीने दाढेचा कोपरा नेला.

अडकित्ता, खलबत्ता, पाटा, वरवंटा, सगळं घरात असताना आई खेकड्याची नांगी दातानेच फोडायची. मी लहानपणापासून सांगत आले होते. सांगून उपयोग झाला असता तर ती माझी आई कसली. अलिबागच्या दाताच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल केलं आणि वर कॅप बसवली. छान दिसत होती. महिना दोन महिने गेले आणि कॅपचा वरचा टवका उडाला.

"भातात खडा होता, दुसरं काय," आई म्हणाली.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. त्यांनी तिच्यासमोर मान हलवली आणि नंतर मला बाहेर बोलावून सांगितलं की खड्याला लाल कवच असल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते कवच दोन दातांच्या फटीत अजून होतं.

आता या टवक्याची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण नेमका हाच टवका माझं पोट भरतो. असल्या कॅपच्या आत झिर्कोनिया असतो. पांढरा, चिवट, भार घेण्यात कोणाला हार न जाणारा. पण दिसायला मेलेला. त्यात उजेड शिरत नाही, त्यामुळे तोंडात न्हाणीघराची फरशी बसवल्यासारखी वाटते. म्हणून त्याच्यावर काचेच्या जातीचं पोर्सेलिन चढवतात, ते खऱ्या दातासारखं चमकतं. अडचण एवढीच की दोघांचं पटत नाही. भट्टीतून बाहेर आल्यावर एक जास्त आकसतो, दुसरा कमी. चावताना एक किंचित वाकतो, दुसरा वाकायला तयार नसतो. सगळं भांडण दोघांच्या मधल्या रेषेवर साचतं, आणि खाऱ्या हवेत भिंतीचा गिलावा सुटावा तसा वरचा थर सुटतो.

आमचा उपाय असा की ती रेषाच ठेवायची नाही. झिर्कोनियावर काच चढवायची नाही, त्याच्यात मुरवायची. सगळ्यात वर काच भरपूर, आत जाल तशी कमी, गाभ्यात अजिबात नाही. पाडाला लागलेला आंबा कापला तर कच्चा कुठे संपला आणि पिकलेला कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही, तसं. शिवाय वरचा भाग थोडा मवाळ झाला की चावण्याचा ताण एका जागी न बसता आत पसरतो आणि भेग सुरू व्हायलाच कचरते. कुठल्या खोलीवर किती काच, हे ठरवणं माझं काम. सांगायला सोपं आहे. करताना मात्र भट्टीतून निघालेल्या कित्येक दातांनी माझ्या डोळ्यांदेखत स्वतःचे दोन तुकडे करून घेतले.

हे सगळं मी आईला आंब्यासकट समजावलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे लोन्चं."

मी म्हटलं, लोणचं तर लोणचं.

"मंग माजी दाढ कर ना लोन्च्याची."

ते इतकं सोपं नव्हतं. प्रयोगशाळेतली वस्तू अशी उचलून आईच्या तोंडात घालता येत नाही. तिची चाचणी व्हावी लागते, परवानग्या मिळाव्या लागतात. आमच्याकडे एक यंत्र आहे, पाण्यात बुडवलेल्या दातावर वरून एक कडक गोळा आपटतं आणि बाजूला घासतं, परत आपटतं, परत घासतं, थांबत नाही. त्याला आम्ही सगळे सासूबाई म्हणतो. सासूबाईंच्या हाताखालून निघालेला दात कुठेही नांदेल, अशी आमची समजूत. आईला हे नाव फार आवडलं. दर शनिवारी मी घरी गेले की पायातली चप्पल काढायच्या आत विचारायची, "सासू अजून चावते काय गो?"

चावतच होती. तेवढ्यात आगोट आली. टवका उडालेल्या कॅपला सोडा लागला की आईला कसंतरी व्हायचं, म्हणून त्या वर्षी तिने उजव्या बाजूने चावला. कोणाला सांगितलं नाही. डोळे मिटले, ताटकळत ठेवलं, सगळं रीतसर केलं आणि म्हणाली, "भरा."

गणपतीच्या सुमारास डबे उघडले तर निम्म्या घरांत बुरशी.

कोणी काही बोललं नाही. आमच्या आळीतल्या बायका पाण्याच्या नळावरून, कोंबडीवरून, दुसऱ्याच्या सुनेच्या झोपण्याच्या वेळेवरून भांडू शकतात. त्या गप्प बसल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजावं. पुढच्या वर्षी ढीग वाळत आला तेव्हा सगळ्या न ठरवता काकीकडे बघू लागल्या. काकीने त्या दिवशी कानात नवे डूल घातले होते. तो निव्वळ योगायोग होता, असं ती अजूनही शपथेवर सांगते. तिने खुळखुळवलं, ऐकलं, भरा म्हणाली, आणि त्या वर्षीचे सोडे उत्तम निघाले.

आई ढिगाकडे आलीच नाही. स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत राहिली. एवढा लसूण आमच्याकडे दिवाळीपर्यंत लागला नसता. आईचा राग येणं ही माझी जुनी सवय आहे, त्यात मी आनंदात असते. तिची कीव यावी हे मला अजिबात आवडलं नाही. मी सोमवारी प्रयोगशाळेत गेले आणि जो समोर आला त्याच्यावर खेकसले. सासूबाईंवरसुद्धा.

आमच्या कॅपला शेवटी परवानगी मिळाली. प्रयोगशाळेत पेढे वाटले, भाषणं झाली, कोणीतरी माझा फोटो काढला त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. आणि माघ संपता संपता अलिबागच्या डॉक्टरांनी ती आईच्या खालच्या डाव्या दाढेवर बसवली. तिने आरशात बघितलं, ओठ ओढून परत बघितलं.

"दिसते तर माजीच," ती म्हणाली. मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस, आणि ते तिने आरशाकडे बघत दिलं.

डॉक्टरांनी बजावलं की कडक काही फोडायचं नाही. आईने सुनेसारखी मान खाली घातली. पुढच्या शनिवारी मी घरी आले तर ती पायरीवर बसून श्रीवर्धनची सुपारी फोडत होती, अख्खी, दाढेखाली धरून. मी ओरडले. इतकी ओरडले की समोरच्या घरातून काकी काय झालं ते बघायला बाहेर आली.

"तुजी सासू रातंदिस चावत होती तवा न्हाय वरडलीस," आई म्हणाली.

सुपारी फुटली होती आणि कॅप शाबूत होती. खरं सांगायचं तर मी वरून ओरडत होते आणि आतून फुगले होते. कारण यंत्रातला गोळा कितीही आपटला तरी तो गोळा असतो. त्याला सुपारीचा नाद नसतो.

आगोट आली. त्या वर्षी एक घोळ होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीने पालीला बल्लाळेश्वराला जायचं ठरवलं होतं. टेम्पो सांगितला होता, नव्या साड्या काढून ठेवल्या होत्या, प्रसादाचे नारळसुद्धा आणले होते. त्यामुळे सोडे त्याच दिवशी वाळणं गरजेचं होतं. सोड्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुपार कलली तशी काकीने ओंजळ कानाशी नेली आणि खुळखुळवली. "वालले," ती म्हणाली. बायका डब्यांची झाकणं काढू लागल्या.

तेवढ्यात आई घरातून बाहेर आली. तिने कोणाकडे बघितलं नाही. पदर खोचला, ढिगाच्या पोटात हात घातला, एक सोडा काढला आणि डावीकडे दाढेखाली धरला. तीन वर्षांनी. मी पायरीवर उभी होते. तिने डोळे मिटले, चावलं.

"ओले हायेत," ती म्हणाली.

अंगणात एकदम चुळबुळ झाली. एकजण म्हणाली टेम्पोवाला पैसे परत देणार नाही. दुसरी म्हणाली वरून तरी कोरडे दिसतात. काकी म्हणाली, "आवाज बग ना. ऐक." आणि आईच्या कानाशी ओंजळ नेऊन हलवली. आई म्हणाली वरचे वाजतात, पोटातले वाजत न्हाईत. काकी म्हणाली गेल्या साली माझ्याच कानानं भरले, काय झालं? याचा अर्थ सगळ्यांना कळला. त्याच्या आदल्या साली काय झालं होतं ते कोणी काढलं नव्हतं, आता ते काढल्यासारखंच झालं. आईचा चेहरा उतरला. तिने आणखी एक सोडा काढला, खालचा, जाडसा, आणि सगळ्यांच्या मधे उभी राहून जीव खाऊन चावला.

कट्.

भिंतीपाशी बसलेल्या म्हातारीपर्यंत ऐकू गेलं.

"घ्या," काकी म्हणाली. "याहून कसा वालतो सोडा?"

सगळ्या हसल्या. आनंदाने हसल्या, कारण आता पालीला जाता येणार होतं, शिवाय आईचंही ऐकलं आणि काकीचंही राहिलं. सुपं उचलली गेली. पहिला डबा भरायलाही लागला. काकीने आईच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे दाढेला दाढेचा मान मिळाला होता, सगळं पूर्वीसारखं झालं होतं. आईने फक्त मान हलवायची होती.

आईने मान हलवली नाही. तिचं तोंड मिटलेलं होतं आणि जीभ गालाच्या आतून काहीतरी चाचपत होती. मी जवळ होते, मला ते दिसलं. मला समजायच्या आधी माझ्या हातापायांना समजलं आणि मी पायरी उतरले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, कॅप गेली. माझी कॅप.

ती गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं. निदान गणपतीपर्यंत.

तिने तळहात तोंडाशी नेला आणि त्यात थुंकली. चावलेला सोडा होता, अजून सबंध, नुसता चेपलेला. आणि त्याच्या बाजूला दाताचा तुकडा, पिवळट, चण्याच्या डाळीएवढा. तिने तो तळहात सगळ्यांपुढे धरला, काकीपुढे जरा जास्त वेळ.

"सोडा न्हाय वाजला," ती म्हणाली. "माजी दाढ वाजली. सोडे ओलेच हायेत."

काकीने आईच्या तळहातावरचा चेपलेला सोडा दोन बोटांत धरला आणि दाबून बघितला. मग वळली, भरत आलेला डबा उचलला आणि जाळ्यावर उलटा केला. बाकीच्या बायका पाठोपाठ सोडे पसरायला लागल्या. टेम्पोवाल्याला फोन करायला कोणीतरी घरात गेलं.

मी मोबाइलचा उजेड आईच्या तोंडात पाडला. खालची कॅप होती तशी होती. तिच्यावरची, वरच्या जबड्यातली दाढ, आईची स्वतःची, तिचा कोपरा गेला होता.

सकाळी आम्ही रिक्षाने अलिबागला गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. म्हणाले वरच्या दाढेत जुनी भेग होती, चिंबोरीची म्हणा नाहीतर सुपारीची म्हणा, कधी ना कधी जाणारच होती. मग त्यांनी छोटा आरसा खालच्या कॅपवर नेला आणि मला बोलावून दाखवली. "बघा तरी मॅडम, साधा ओरखडा नाही." ते मनापासून खूश होते. मला त्यांच्या हातातला आरसा हिसकावून घ्यावासा वाटला. आम्ही त्या कॅपमध्ये कुठेही रेष राहू नये म्हणून वर्षं घालवली होती. काच कुठे संपते ते कोणाला सापडू नये इतकी बेमालूम केली होती. आणि आता रेष होती ती कॅपमध्ये आणि आईमध्ये. एका बाजूला न दमणारं, दुसऱ्या बाजूला सत्तरीला आलेलं. मला रडू येत होतं आणि खुर्चीच्या त्या दिव्याखाली रडणं फार वाईट दिसतं, म्हणून मी भिंतीवरचं दात घासायचं चित्र वाचत राहिले.

आईने चूळ भरली, माझ्याकडे बघितलं. "तुजी दाढ चांगली हाय गो," ती म्हणाली. "माजीच मोडली."

ती मला समजावत होती. दात तिचा मोडला होता आणि समजावत ती मला होती. मी तिला म्हटलं की गप्प बस, डॉक्टरांना काम करू दे.

परत आलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. पालीला कोणीच गेलं नव्हतं. बायका अंगणात ढिगाभोवती बसल्या होत्या, झाकणं मिटलेली, सुपं बाजूला. आम्ही रिक्षातून उतरताच काकी उठली. तिने ढिगाच्या पोटात हात घालून एक सोडा काढला आणि आईपुढे धरला.

आईचं अर्धं तोंड इंजेक्शनने बधिर होतं, ओठ एका बाजूला लोंबत होता. तिने गालाकडे बोट दाखवलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"ते मला काय सांगतेस," काकी म्हणाली. "तू बोलशील तवाच भरायचे."

आईने सोडा घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, सवयीने सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मग दुसऱ्या हाताने काकीची मान ओढून तिचा कान जवळ आणला, सोडा त्या कानाशी धरला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी मोडला.

काकीने डोळे मिटून ऐकलं.

"वाजला," काकी म्हणाली.

बधिर तोंडातून आईला "भरा" म्हणता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा भलतंच काहीतरी निघालं. पण बायकांनी डबे भरायला घेतले होते.